कडता

पावतीपुस्तकाशेजारी दोन बाटल्या.
पांढरी धाकट्या जावेनं दिली, मिरजेहून, सांध्यांसाठी.
जांभळी लेकीनं मागवली,
तिच्यावर सांधा नाही, एक फूल आहे,
आणि फुलाखाली बारीक: चाळिशीनंतरच्या तिच्यासाठी.
'पाळी' कुठंच लिहिलेलं नाही.
दोन्हींवर 'सपोर्ट'.
सपोर्ट म्हणजे टेकू.
पोत्यांची थप्पी कलली की आम्हीही देतो, बांबूचा.

सौदे संपलेत. यार्डात दुपार पडलीय.
मालकांचं भिंग घेते, हळकुंडातला भुंगा बघायचं,
आणि वाचते.

पांढरी:
ग्लुकोसामाइन पंधराशे मिलिग्रॅम,
कॉन्ड्रॉयटिन बाराशे,
शल्लकी शंभर,
हळदीचा अर्क अडीचशे.
जांभळी:
शतावरी, अशोक, सोयाबीन, जवस,
आणि पुन्हा हळदच.
सगळे मिळून साडेसहाशे. कोण किती, ते नाही.

हे मला ओळखीचं आहे.
पूर्वी भाव रुमालाखाली ठरायचा,
बोटाला बोट लावून.
शेतकरी समोर उभा, त्याला फक्त रुमाल हललेला दिसे.
तशी मी आता उभी आहे, भिंग घेऊन.

आणि हळद!
सव्वीस वर्षं या वखारीत,
राजापुरी, सेलम, गड्डा, कणी,
पदरात, कानात, चमकीच्या फिरकीत हळद.
हरिपूरच्या पेवांची झाकणं उघडताना बघितलीत मी,
आत उतरणारा माणूस
दिवा विझला तर परत वर येई.
एवढी हळद, आणि गुडघे जिन्यावर बोलतात.
डॉक्टरांना म्हटलं तर हसले,
"त्रिशलाबाई, ती अंगावर आहे, अंगात नाही.
आणि पोटात गेली तरी रक्तात उतरायला कुरकुरते,
म्हणून मिरी घालतात."
पांढरीवर मिरी आहे. पाच मिलिग्रॅम.
जांभळीवर, असेल, रुमालाखाली.
"मग घेऊ का?"
"काहींना बरं वाटतं," म्हणाले,
आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दोन्ही बाटल्या काट्यावर ठेवल्या.
शून्य.
आमचा काटा पाव किलोखाली बोलत नाही,
एवढं आम्ही कडत्यात सोडतो.

मग पांढरीच्या बुडाशी, किंमतीच्याही खाली:
स्रोत, कोळंबी आणि खेकड्याचं कवच.

हातातून भिंगच ठेवलं.
चातुर्मासात ओली हळद शिवत नाही मी,
वाळलेली चालते म्हणून तर या नोकरीत टिकले,
आणि गेले अकरा दिवस
सकाळी णमोकार, मग चहा, मग खेकडा.
अकरा दुणे बावीस गोळ्या.
हिशेब करायची सवय वाईट.
त्याहून वाईट म्हणजे
गेल्या मंगळवारी जिना जरा बरा चढले होते.

दस्तगीर आला, हूक खांद्यावर, पाठीला रिकामं पोतं.
साठ किलोची दीडशे पोती झाली म्हणाला सकाळपासून.
"अक्का, ते गुडघ्याचं हाय न्हवं?"
"आहे. पण कोळंबीचं आहे."
"मग द्या की! आमी कालवणात घालतो,
हितं गोळीत घातली एवढंच."
"साखर बघितलीस का? डॉक्टरला विचारून घे."
"विचारतो," म्हणाला, आणि बाटली बंडीच्या खिशात गेली.
तो विचारणार नाही, हे दोघांनाही माहीत.

जांभळी राहिली.
फुलाकडे बघत होते तेवढ्यात
गळ्यापासून निघाली ती,
कानामागं, टाळूपर्यंत, भट्टीतून आल्यासारखी.
माघातली दुपार, बाकी सगळे स्वेटरात.
दस्तगीर दारातून वळला.
"फॅन लावू काय, अक्का?"
नको म्हणेपर्यंत बटण दाबलं त्यानं,
आणि कपाटावरची, माळ्यावरची, पात्यांवरची
हंगामभराची हळद
एकदम उठली.
पावत्यांवर हात ठेवून मी डोळे मिटले.
उघडले तेव्हा
बाटलीवरचं बारीक अक्षर पिवळं झालं होतं.
वाचता येत नव्हतं.